‘एकानं काय होते बे?’

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात व्यसनावर एक लेख दरवर्षी असतोच. ‘धूम्रपान : एक शाप’ किंवा ‘आजची तरुणाई आणि व्यसन’ असं काहीतरी शीर्षक, मग कॅन्सर, मग फुफ्फुसं, आणि शेवटी ‘चला तर मग, आजच शपथ घेऊया!’ ओढणारे तो लेख वाचत नाहीत. न ओढणारे वाचतात आणि आपण किती चांगले आहोत म्हणून खूश होतात. मॅगझिनची दोन पानं भरतात, बस्स.

हा लेख ओढणाऱ्यांसाठी नाहीच आहे. तुमचा रूम पार्टनर, बेंच पार्टनर किंवा विंगमधलं कोणीतरी सिगारेट सोडायचा प्रयत्न करत असेल, तर हा तुमच्यासाठी आहे. तुम्ही स्वतः ओढत असाल तरी चालेल. माझं म्हणणं एवढंच की हॉस्टेलमध्ये सिगारेट सुटते की नाही हे त्या माणसाच्या विल पॉवरपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या पाच-सात पोरांवर जास्त अवलंबून असतं. आपण मात्र सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या विल पॉवरवर टाकतो, आणि रात्री अकराला त्यालाच विचारतो, ‘चल, चहा मारून येऊ?’

भीती घालून काही होतं असं मला वाटत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. (त्यामुळे या लेखातल्या मराठीबद्दल ज्यांना बोलायचं असेल त्यांनी रूमवर यावं.) आठवीत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरनी आम्हाला काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचा भलामोठा चार्ट दाखवला होता. सगळा वर्ग चिडीचूप. त्या वर्गातले माझ्या ओळखीचे निदान तीन जण आज दिवसाला सहा-सात ओढतात. चार्ट त्यांना अजून आठवतो. माहिती कमी पडली म्हणून कोणी ओढत नाही हो. इंजिनिअरिंगच्या पोराला सिगारेटने काय होतं हे माहीत नाही, असं कसं होईल?

आणि पाकिटावरच्या फोटोचं म्हणाल, तर आपली पोरं पाकीट घेतातच कुठे? ती घेतात सुटी. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यासाठी आहे. २०१८ पासून त्यावर सिगारेट-तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबरही छापतात. पण टपरीवरच्या बरणीतून निघालेल्या एका सिगारेटवर ना फोटो, ना नंबर. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली, ती याचसाठी. ही बंदी आपल्या टपरीपर्यंत अजून चालत चालत येते आहे. असो. ज्यांनी तो नंबर कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो : १८००-११-२३५६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता आमच्या विंगमधल्या एका मित्राबद्दल. नाव लिहीत नाही, पण त्याला विचारूनच लिहितोय. फर्स्ट इयरला मेसच्या बाहेर एक-दोन, सेकंड इयरला सात-आठ, थर्ड इयरला सकाळी डोळे उघडायच्या आत उशीखाली चाचपणं. पाचव्या सेमिस्टरला त्याने ठरवलं, आता बंद. कारण कॅन्सर वगैरे काही नव्हतं. घरी गेला तेव्हा लहान बहिणीने त्याचं जॅकेट हुंगून नाक मुरडलं, एवढंच.

पहिले तीन दिवस भाऊ कसाबसा राहिला. चौथ्या दिवशी जर्नलचं सबमिशन होतं. रात्री दीड वाजता सगळी गँग मशीन ड्रॉइंगच्या शीट संपवून खाली उतरली. एकाने पेटवली आणि सवयीने याच्यापुढे धरली. याने मान हलवली. मग सुरू झालं :

‘काऊन बे, सोडली काय?’

‘हो.’

‘अबे, हे पाहा साधू महाराज! एकानं काय होते बे? मरून जाशीन काय?’

सगळे हसले. तोही हसला. आणि घेतली.

यात व्हिलन कोणी नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्याने सिगारेट पुढे केली तो याचा सगळ्यात जवळचा मित्र. ताप आला तेव्हा रात्रभर बसलेला. घरून आलेला चिवड्याचा डबा आधी याच्यापुढे उघडणारा. आपल्याकडे अर्धी-अर्धी ओढणं ही दोस्ती आहे, पाहुणचार आहे. ‘नको’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरचं पाणी नाकारल्यासारखं. म्हणूनच अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणणं सोपं जातं आणि दोस्ताला कठीण. ‘एकानं काय होते’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे!

बरं, एकाने नक्की काय होतं? इंजिनिअरच्या भाषेत पाहू. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. रक्तातली त्याची हाफ लाइफ साधारण दोन तास. म्हणजे रात्री अकराला शेवटची ओढली आणि सकाळी सातला उठलात, तर चार हाफ लाइफ झाल्या. उरलं एक सोळांश. मेंदूला रोज ज्या लेव्हलची सवय आहे ती पार खाली गेली, म्हणून सकाळची पहिली सगळ्यात ‘भारी’ लागते. ती भारी नसते. खड्डा खोल असतो, म्हणून चढल्यासारखं वाटतं. ‘टेन्शन आलं की सिगारेटने बरं वाटतं’ याचाही अर्थ तोच. दोन-तीन तासांत निकोटिन उतरलं, त्याने चिडचिड झाली, सिगारेटने ती चिडचिड घालवली. व्हायवाचं टेन्शन होतं तिथेच राहिलं.

कोणाला स्वतःचं मोजून पाहायचं असेल तर डॉक्टर वापरतात ती एक टेस्ट आहे. फॅगरस्ट्रॉम नावाच्या संशोधकाच्या नावाने ती ओळखली जाते. प्रश्न फक्त सहा, मार्क दहापैकी. यात कमी मार्क चांगले. पहिलाच प्रश्न असा की उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते? पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन मार्क एका झटक्यात. आमच्या मित्राला सात पडले. सात म्हणजे चांगलंच जडलेलं.

सोडल्यावर सगळ्यात वाईट असतात पहिले दोन-तीन दिवस. मग उतार लागतो, आणि दोन ते चार आठवड्यांत अंगाची कुरकुर बहुतेक संपते. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तलफ सतत नसते. ती लाटेसारखी येते, वाढते आणि काही मिनिटांत ओसरते. तुम्ही ओढा किंवा ओढू नका, ती ओसरतेच! आम्ही शाळेत इंग्लिशमध्ये शिकलो, तिथे माणसाला क्रेव्हिंग ‘असतं’, जसं काही त्याच्या मालकीचं. मराठीत तलफ ‘येते’. जी येते ती जातेही. भाषेने हे आधीच सांगून ठेवलंय, आपण ऐकत नाही.

म्हणजे हिशोब असा झाला. त्याला अख्खं आयुष्य सिगारेटशिवाय काढायचं नाहीये. पाच मिनिटं काढायची आहेत, दिवसातून काही वेळा. त्या पाच मिनिटांत शेजारी कोण आहे, त्याच्या हातात काय आहे आणि तो काय बोलतो, यावर पुढचं ठरतं. चौथ्या दिवशी रात्री दीडच्या त्या पाच मिनिटांत आपण सगळे तिथे होतो, आणि सगळे हसलो.

त्याचा दुसरा प्रयत्न दिवाळीच्या सुट्टीतला. घरी बारा दिवस. एक पण नाही. तलफसुद्धा फार आली नाही म्हणे. ‘सुटली यार!’ म्हणून फोन केला त्याने. परत आला, एस.टी.तून उतरला, बॅग खांद्यावर टाकून गेटकडे वळला आणि टपरी दिसली मात्र, तोंडाला पाणी सुटलं. बारा दिवस शांत असलेलं डोकं दोन मिनिटांत पुन्हा तेच मागायला लागलं. संध्याकाळी बेत फसला. तो स्वतःवरच चिडला, ‘आपल्यात दमच नाही’ म्हणाला.

दमाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत या गोष्टीचा एक गाजलेला अभ्यास आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या खूप सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. ते परत आले की देशभर गर्दुल्ले होतील अशी सरकारला भीती. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले साधारण पाच टक्के! हेरॉइनसारखी गोष्ट. कारणं बरीच असतील, पण एक उघड आहे. ती जागा, ते सोबती, ती रात्रीची ड्यूटी, सगळं सुटलं होतं. आमच्या मित्राचं नेमकं उलटं झालं. तो व्यसन सोडून पुन्हा त्याच जागी, त्याच सोबत्यांत आला. त्याची टपरी बदलणार नाही, हॉस्टेल बदलणार नाही. मग बदलायला उरलं काय? आपण.

अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास, २००८ मध्ये छापलेला. फ्रेमिंगहॅम नावाच्या गावाशी जोडलेल्या १२,०६७ लोकांची तीस-बत्तीस वर्षांची माहिती क्रिस्टाकिस आणि फाउलर या दोघांनी तपासली. त्यांना दिसलं की लोक एकेकटे सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. आपली लग्नं व्हायला वेळ आहे, तेव्हा सध्या ३६ वाला आकडा धरू. छत्तीस टक्के म्हणजे थोडं नाही राव! इंटर्नल मार्कांत तेवढे मिळाले तर आपण पेढे वाटू.

आता एका मुद्द्यावर बोलायलाच हवं, कारण बुलडाणा जिल्ह्यात राहून तो टाळता येत नाही. टपरीवर कोणी अडवलं की हमखास उत्तर येतं, ‘अबे, महाराज बी चिलीम ओढत होते.’ शेगाव इथून जवळ. अर्ध्या रूममध्ये गजानन महाराजांचा फोटो, आणि फोटोत बऱ्याचदा हातात चिलीम. जानकीराम सोनाराने विस्तव दिला नाही आणि चिलीम विस्तवाशिवाय पेटली, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्यामुळे हे बोलणाऱ्याला वाटतं, झालं, आता कोण बोलणार!

मी पोथीचा अभ्यासक नाही. पण महाराजांचं करायचंच असेल तर पूर्ण करू ना. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज शेगावात प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. पाणी प्यायले ते जनावरांसाठी ठेवलेलं. आपल्यातले किती जण तयार आहेत? मेसमध्ये दोडक्याची भाजी दिसली की ताट सरकवून बाहेर अंडाभुर्जी खायला जाणारी मंडळी आपण! ज्याला पंचपक्वान्न आणि उष्टी शितं सारखीच, त्याच्या हातातली चिलीम आणि सकाळी उशीखाली चाचपणाऱ्याच्या हातातली सिगारेट एक कशी होईल? महाराजांना तिची गरज होती असं कोणताही भक्त म्हणणार नाही. आपल्याला गरज आहे, आणि भांडण त्या गरजेशी आहे.

शिवाय हेच भक्त गुरुवारी शेगावला दर्शनाच्या बारीत दोन-दोन, तीन-तीन तास उभे राहतात. प्रकट दिनाला त्याहून जास्त. तेव्हा टपरी नाही, काडीपेटी नाही. तलफ येते आणि जाते, कोणी बारी सोडून पळत नाही. म्हणजे जमतं! पुढे-मागे सगळे न ओढणारे उभे असले की आपोआप जमतं. हॉस्टेलचा पॅसेज दर्शनाची बारी होणार नाही हे मला कळतं, पण दिवसातल्या पाच मिनिटांपुरता व्हायला काय हरकत आहे?

आता थोडं सरांशी बोलतो. आदरपूर्वक.

सर, २००३ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, त्यात शैक्षणिक संस्था आल्याच. दंड २०० रुपयांपर्यंत. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, हेही त्याच कायद्यात. (सिव्हिलवाल्यांनी टेप लावून पाहिलं नसेल असं समजू नका.) कायदा बरोबर आहे आणि हॉस्टेलचा दंडही बरोबर आहे. रूममध्ये धूर केला तर शेजाऱ्याने का सोसावा? पण आपल्याकडे आज या विषयावर विद्यार्थी आणि ऑफिस यांच्यात बोलायचा एकच मार्ग आहे, पकडला जाणे. ज्याला सोडायची आहे त्याने कोणाकडे जायचं? रेक्टर सरांकडे जाऊन ‘सर, माझी सुटत नाही’ म्हटलं तर पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे तू ओढतोस? घरी कळवू का?’ मग कोण जाईल? जो लपूनछपून ओढतो तो सुरक्षित, आणि जो सोडतो म्हणून तोंड उघडतो तो रजिस्टरमध्ये. हे उलटं नाही का? माझी विनंती एवढीच की स्वतःहून सांगणाऱ्याला दंड नाही, फोन नाही, हे एकदा नोटीस बोर्डावर लिहून लावा. कागदाचा खर्च आमच्या विंगतर्फे.

आणि वर्कशॉपच्या मागे उभं राहून ओढणारे स्टाफमधले काही जण आम्हाला माहीत आहेत. पोरं त्यावर हसतात, मला हसावंसं वाटत नाही. तीस वर्षांपासून ओढणाऱ्या माणसाला सोडणं आमच्यापेक्षा किती अवघड असेल! ३१ मे ला तंबाखूविरोधी दिनाची शपथ देताना त्यांच्यापैकी एकाने जरी ‘मी पाचव्यांदा प्रयत्न करतोय’ असं माइकवर सांगितलं, तर त्या वाक्याचा परिणाम शंभर पोस्टरपेक्षा जास्त होईल. तसंही ३१ मे ला आपण कुठे असतो? परीक्षेत, नाहीतर गावी.

मित्राचा तिसरा प्रयत्न सध्या चालू आहे. कोणाचीही मदत न घेता एका प्रयत्नात वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, त्यामुळे तिसरा प्रयत्न म्हणजे काही लाज नाही. या वेळी विंगने काय केलं ते सांगतो. कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं, कोणी पुढे करायची नाही. ओढणाऱ्यांनीही हे मान्य केलं. त्यांना कोणी ‘तुम्ही पण सोडा’ म्हटलं नाही, फक्त त्याच्यासमोर पेटवायची नाही आणि ‘एकानं काय होते’ म्हणायचं नाही, एवढंच ठरलं. आश्चर्य म्हणजे ज्याने त्या रात्री पुढे केली होती तोच आता सगळ्यात कडक पहारेकरी झालाय.

दुसरं, तलफ आली की त्याने शेजारच्या दारावर टकटक करायची. कारण सांगायचं नाही. ज्याने दार उघडलं त्याने त्याच्यासोबत जिन्याने खाली-वर एक चक्कर मारायची, पाणी प्यायचं, खिशात फुटाणे असतील तर द्यायचे. उपदेश करायचा नाही! रात्री दोनला एकदा माझं दार वाजलं. आम्ही गच्चीवर जाऊन मेसच्या वांग्याच्या भाजीला शिव्या दिल्या, सहा-सात मिनिटांत तो परत झोपायला गेला. हेल्पलाइन चांगलीच आहे, पण रात्री दोनला दार शेजाऱ्याचंच वाजणार.

तिसरी गोष्ट चहाची, आणि ती आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की तेवढंच कॅफिन रक्तात जास्त वेळ टिकतं. म्हणजे सिगारेट सोडली आणि चहा-कॉफी पूर्वीइतकीच ठेवली, तर छातीत धडधड, हात थरथर, रात्री झोप नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळे हे होतंय, ओढली तर बरं वाटेल. निम्मा दोष चहाचा असतो! त्याने चहा सहावरून तीनवर आणला आणि दुसऱ्या आठवड्यात झोपायला लागला.

डॉक्टरांना विचारून त्याने निकोटिनचं च्युइंगम घेतलं. हे नेहमीच्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नसतं. हळूहळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा किंवा कोल्ड्रिंक नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. याने सोडण्याची शक्यता साधारण दीडपट होते. विंगमधल्या एका महाशयांनी त्यालाही ‘हे चीटिंग आहे’ म्हटलं. पाय मोडला की कुबड्या घेणं चीटिंग असतं काय?

पण एक पर्याय मात्र अजिबात चालणार नाही, पुडीचा. ‘सिगारेट सोडली, आता फक्त तंबाखू-चुना’ किंवा नागपूरवाल्या दोस्ताने आणलेला खर्रा. यात काहीच सुटलेलं नसतं, फक्त धूर सुटतो. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूर काढणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. म्हणजे आपला खरा राज्यरोग तोच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडीचं रिकामं पाकीट बेसिनमध्ये अडकलेलं कोणी पाहिलं नाही असं हॉस्टेल मला दाखवा.

आज, हे लिहितो त्या दिवशी, त्याला एकेचाळीस दिवस झालेत. मधे एकविसाव्या दिवशी एक ओढली गेली, एका लग्नात, बाहेरच्या मित्रांत. तो परत आला तेव्हा तोंड पडलेलं. दारावरच्या कॅलेंडरवर त्याने मोठा शून्य काढायला घेतला. आम्ही पेन काढून घेतला. वीस दिवस मेंदूने जे शिकलं ते एका रात्रीत पुसलं जात नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी ओढली नाही म्हणजे मोजणी चालू, असं विंगने बहुमताने ठरवलं. हा आमचा नियम आहे, मेडिकलच्या पुस्तकातला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सबमिशन. खरी परीक्षा ती. आणि तिथे विंगच्या हातात नसलेली एक अडचण आहे. मेसचा चहा संध्याकाळी सहाला संपतो. रात्री अकरा-बाराला चहा हवा असेल तर तो फक्त गेटबाहेर मिळतो, आणि चहाच्या किटलीशेजारीच सिगारेटची बरणी. सिगारेट न ओढणारेही जातात, सोडणाराही जातो, कारण शीटवर डोळे मिटायला लागले की चहा लागतोच. चहा आणि सिगारेट यांची जोडी आपण नाही लावली, मेसच्या टाइमटेबलने लावली आहे.

म्हणून आम्ही एक अर्ज केला आहे. सबमिशन आणि पी.एल.च्या दिवसांत रात्री अकरा ते एक मेसमध्ये चहा मिळावा, पैसे आम्ही देऊ. आमच्या विंगच्या बावीस जणांच्या सह्या झाल्या आहेत, त्यातले सात जण रोज ओढणारे आहेत आणि पहिली सही त्यांच्यातल्याच एकाची आहे. अर्ज सोमवारी रेक्टर सरांच्या टेबलावर असेल. सर, दूध थोडं कमी असलं तरी चालेल.